तेल पाजलेल्या वायरी

कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की माझी मान आधी वर जाते. लोक हौसेने नव्या फरश्या दाखवतात, मुलाचं सर्टिफिकेट दाखवतात, आणि मी आढ्याकडे बघत उभी असते. नणंदेच्या मुलीसाठी एक स्थळ बघायला आम्ही बांद्याकडे गेलो होतो. तिथेही चहा घेताना माझं सगळं लक्ष पंख्याच्या ठोकळ्याकडे. घरी परतल्यावर नणंदेने विचारलं, ‘झील कसो वाटलो गो?’ तर मला त्या मुलाचा चेहराच आठवेना. वायरिंग बरं आहे, एवढं सांगितलं. ते स्थळ जमलं, आणि आजही घरात मला चिडवायचं झालं की हेच काढतात.

वेंगुर्ल्यात मी वायरमनचं काम करते. आयटीआयमध्ये हा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मुलगी मी एकटीच होते. सुरुवातीची बरीच वर्षं मी दारात उभी राहिले की माणसं माझ्या मागे बघायची आणि विचारायची, ‘वायरमन खंय आसा?’ मी काही न बोलता पिशवीतून टेस्टर काढायचे. आता तसं कोणी विचारत नाही. उलट जुनं घर असलं की मलाच बोलावतात, कारण नवी मुलं जुन्या वायरीला हात लावायला कंटाळतात. सगळं उपटून नवीन पाइप मारणं त्यांना सोपं वाटतं. त्यांचंही चुकत नाही म्हणा, पण उपटण्याआधी काय उपटतोय ते बघायला काय जातं?

जुनी वायर ओळखणं म्हणजे तिचं वय ओळखणं. आमच्या किनाऱ्यावरच्या घरांत सगळ्यात जुनी सापडते ती लाकडी खोबणीत झाकलेली. वरची झाकणपट्टी उचकटली की सुती विणीतल्या दोन वायरी शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या खोबणीत पडलेल्या दिसतात. तिच्यानंतरची जाड रबरी आवरणाची. ती सागवानी पट्टीवरून उघडीच धावते आणि वीतवीत अंतरावर पत्र्याच्या बारीक क्लिपांनी आवळलेली असते. मग ॲल्युमिनियम आलं, मग प्लॅस्टिक. काही घरांत या सगळ्यांची खिचडी असते. हॉलमध्ये आजोबांच्या काळची, माडीवर बापाच्या काळची आणि न्हाणीघरात गिझरसाठी परवा ओढलेली, आणि तिन्हींचा जोड एकाच ठोकळ्यात, वर चिकटपट्टी. असला ठोकळा उघडला की माझं डोकं फिरतं. मी तोंडाने शिव्या देत नाही, पण घरातली माणसं हळूच दुसऱ्या खोलीत जातात.

रबराच्या वायरीत एक गंमत असते, तिच्यामुळे भले भले फसतात. आतली तार पांढरी दिसते. लोकांना वाटतं ॲल्युमिनियम. चाकूच्या पात्याने जरा खरवडलं की खालून लाल तांबं वर येतं. रबरातल्या गंधकाने तांबं काळं पडू नये म्हणून त्या काळी तारेला कथलाचा मुलामा द्यायचे, आपण पितळेच्या भांड्यांना कल्हई करतो तसा. तेव्हा तार पांढरी म्हणून लगेच नाक मुरडू नये, आणि वरून धड दिसते म्हणून विश्वासही ठेवू नये. रबर न हलवता जिथल्या तिथे पडून असेल तर वर्षानुवर्षं काम देतं. त्याला वाकवलं की तळलेल्या कुरडईसारखं त्याचं पीठ होतं.

एवढं समजावून सांगितलं तरी लोकांचं उत्तर ठरलेलं: ‘चालता मगे, कित्याक हात लावतंस?’ चालतं, हे खरं आहे. बंद पडेपर्यंत सगळंच चालतं. या एका वाक्याने मला आयुष्यात जितका ताप दिला तितका शॉकनेही दिला नसेल.

टीचरांचा फोन आला तेव्हा त्यांनी मात्र हे वाक्य उच्चारलं नाही. पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं होतं. टीचर म्हणजे आमच्याकडच्या प्राथमिक शाळेच्या निवृत्त शिक्षिका. किरिस्तावांच्या वाड्यात त्यांचं घर, आणि सगळं गाव त्यांना टीचरच म्हणतं. फोनवर त्या नेहमी शाळेतलं शुद्ध मराठी बोलतात. म्हणाल्या, ‘यांना घरी आणायचं आहे. ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू ठेवावं लागेल. मुलगी म्हणते, आधी वायरिंग तपासून घे, मगच आण. तुम्ही केव्हा येऊ शकाल?’

त्यांचे यजमान सावंतवाडीला इस्पितळात होते, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना अंकल म्हणते. एका काजूच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते आणि आयुष्यभर काजूबिया भाजण्याचा धूर त्यांनी घेतला. आता फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी टीचरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता इस्पितळात ठेवून काही निराळं होणार नाही. मशीन घ्या, घरी न्या, जितके दिवस मिळतील तितके घरी मिळू देत. मुलगी पणजीला नर्स आहे, तिने मशीन आणि लाइट गेली तर म्हणून एक सिलिंडर मिळवूनही ठेवला होता. आणि अंकल रोज एकच गोष्ट सांगत होते, ‘माका घराक व्हरा.’ अडलं होतं ते फक्त घरातल्या वायरीपाशी.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. घर अंकलच्या वडिलांनी बांधलेलं, कौलारू, जाड भिंतींचं. वडील बोटीवर नोकरीला होते. गावात वीज येणार असं नुसतं कानावर आलं आणि त्यांनी मुंबईहून वायर, बटणं, चिनी मातीचे फ्यूज आणून सगळं घर वायरिंग करून ठेवलं. वीज नंतर बऱ्याच वर्षांनी आली. तोवर पाहुण्यांना ते भिंतीवरची बटणं खाली-वर करून दाखवायचे म्हणे. टीचर हे सांगताना जरा हसल्या. बाकी सगळा वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्या मागून फिरत होत्या.

आणि वर बघितलं तर मी चक्रावलेच. सागवानी पट्टीवरून काळीभोर, चकचकीत वायर सरळ रेषेत गेलेली. वडिलांनी आणलेली वायर आतापर्यंत राखाडी पडून तडकायला हवी होती. ही तर दुकानातून काल आणल्यासारखी दिसत होती. टीचर म्हणाल्या, ‘मागे पंखा लावायला एक जण आला होता. तो म्हणाला, ही बदललेली प्लॅस्टिकची वायर आहे, काही काळजी नको.’ त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की मलाही क्षणभर वाटलं, सुटलो.

पण क्लिपा जुन्या होत्या. ही क्लिप एकदा आवळली की पुन्हा उघडताना तिची जीभ मोडते, त्यामुळे नवी वायर टाकणारा नवी क्लिप मारतो. इथे प्रत्येक क्लिप पहिल्याच घडीत बसलेली होती. क्लिप जुनी आणि तिच्या आत वायर नवी, हे होऊच शकत नाही. मी मेन स्विच पाडला, शिडी लावली आणि वायरीवर बोट ठेवलं. बोट चिकटलं. वास घेतला, आणि दुसरं काही तपासायची गरज उरली नाही. तो वास आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा ओळखील. काजूचं तेल.

हे तेल म्हणजे काजूच्या टरफलातून निघतं ते, काळं, दाट. अंगावर उडालं तर भाजल्यासारखा फोड येतो. होड्यांना लावतात, वाशांना, रिपांना, दारांच्या चौकटींना लावतात. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पावसाळ्याआधी घराला तेल पाजणं हे आमच्याकडे कौलं परतण्याइतकंच नेहमीचं काम आहे. कारखान्यात असल्यामुळे अंकलना तेलाची कधी वाण पडली नाही, आणि हे काम त्यांनी कधी गड्यावर सोपवलं नाही. दर मे महिन्यात शिडीवर चढायचं, डोक्याला टॉवेल बांधायचा आणि ब्रशने घरातलं लाकूड न् लाकूड माखायचं. वायरिंगची पट्टीही लाकडाचीच. तिला तेल लावताना वायरीवरून ब्रश उचलायचा कशाला, वायरीलाही बरंच की, असा त्यांचा हिशेब. यंदाच्या मेमध्ये धाप लागत होती तरी स्टुलावर बसत-उठत त्यांनी झोपायची खोली तेवढी पुरी केली होती. ‘मी किती ओरडले,’ टीचर म्हणाल्या. ‘ऐकतात कुठे.’

मी चाकूने वायर खरवडली. काळा थर सालीसारखा निघाला आणि खाली रबर लागलं. वडिलांनी आणलेलंच. पण रबर म्हणावं असं त्यात काही राहिलं नव्हतं. तेल पिऊन ते फुगलं होतं. नखाने दाबलं तर खळगा पडून तसाच राहत होता. माळ्यावर जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे तीच वायर राखाडी, कोरडी, पण धड होती. हॉलमध्ये मऊ, स्वयंपाकघरात त्याहून मऊ, आणि झोपायच्या खोलीत, जिथे हात सगळ्यात मायेने फिरला होता, तिथे ती क्लिपेखाली नुसती चिकासारखी झाली होती. मेगर लावला, म्हणजे आवरण वीज रोखतं की नाही ते सांगणारं यंत्र. काटा शून्याजवळ जाऊन टेकला, म्हणजे आवरणात दम उरला नव्हता. इतकी वर्षं काही झालं नाही कारण दोन-चार बल्ब आणि एक पंखा एवढ्यापलीकडे त्या वायरीकडे कोणी काही मागितलं नव्हतं, आणि वाळलेल्या तेलाच्या पापुद्र्याने आतला चिखल कसाबसा धरून ठेवला होता.

मशीनचा भार काही फार नसतो. इस्त्री त्याच्या दुप्पट वीज खाते. पण इस्त्री आपण अर्ध्या तासाने बंद करतो. हे मशीन क्षणभरही बंद व्हायचं नव्हतं, आणि ते ज्याच्यासाठी चालवायचं त्याच्या नाकाशी ऑक्सिजन. तिथे एक ठिणगी पडली तरी पुढचं बोलायला नको. मी शिडीवरून उतरले आणि टीचरांना हे सगळं स्पष्ट सांगितलं. सगळं वायरिंग काढावं लागेल. कुठेही हात लावला तरी शेजारचं तुकड्या-तुकड्याने गळणार, म्हणून अर्धमुर्धं काम करता येणार नाही. बरेच दिवस लागतील.

‘तेवढे दिवस आहेत का, हे मला कोण सांगणार?’ टीचर म्हणाल्या. मग त्यांचं शाळेतलं मराठी सुटलं. ‘गो, इतकी वर्सा चल्ला ना? आनी थोडे दीस चलात. तू नुसता जोडून दी.’

‘मी जोडूचंय नाय,’ मी म्हटलं.

‘ते थंय एकटे पडले हत. माका भितूर रवाक दिनत नाय. दाराबाहेर बाकड्यार बसतंय मी.’

‘टीचर, मी जोडूचंय नाय.’

त्या माझ्यावर चिडल्या. तुला माणसापेक्षा वायर मोठी, असंही म्हणाल्या. मला राग आला, आणि तो लपवायचा प्रयत्नही मी केला नाही. इस्पितळातून आणलेलं माणूस घरात जळालं तर शोक करायला मलाच बोलावणार का, असं काहीतरी मी बोलून गेले. बोलल्यावर जीभ चावली. टीचर खुर्चीत बसल्या. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी वरच्या त्या चकचकीत वायरीचा संतापही आला. दुसऱ्या कशाला फोडून काढता येत नव्हतं म्हणून मी शिडी मिटली.

शिडी मिटतानाच सुचलं. सगळं घर करायला वेळ लागेल, पण एक खोली करायला लागणार नाही. मीटरपासून नवी वायर, नवा पाइप, भिंतीवरून सरळ झोपायच्या खोलीत. त्या खोलीला स्वतंत्र स्विच, स्वतंत्र अर्थिंग. आणि बाकीचं सगळं घर मीटरपाशीच तोडून टाकायचं, म्हणजे त्या तेलकट वायरींत वीजच जाणार नाही. पुढचं पुढे सावकाश. फक्त तोवर त्या खोलीबाहेर सगळीकडे अंधार.

‘मी काळोखात रवतलंय,’ टीचर लगेच म्हणाल्या. ‘लहानपणी होतो आमी काळोखात. माका काय नवीन नाय.’

दाराशी पोचवायला आल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरला. ‘एक करशीत? तेलान झाला म्हणून त्यांका सांगा नको. त्यांका वाटता, ह्या घर आपण राखलंय.’

‘आपण होवन सांगूचंय नाय,’ मी म्हटलं. ‘पण त्यांनी इचारल्यानी तर खोटा बोलूचंय नाय.’

हा माझा आडमुठेपणा आहे, हे मला कळतं. नवरा म्हणतो, तुझी जीभ आणि तुझा टेस्टर एकाच कंपनीचे. पण वायरीच्या बाबतीत माझ्याकडून खोटं बोलवत नाही. टीचरांनी मान डोलावली. त्यांना बहुधा वाटलं, त्या स्थितीतला माणूस कुठला विचारतोय.

काम पटापट उरकलं. मागच्या अंगणात माडाच्या आळ्याशेजारी अर्थिंगसाठी खड्डा खणला. तिथली जमीन कायम ओली असते, ते बरंच. खोलीतल्या जुन्या वायरी मी तोडल्या, पण पट्टीवरून काढल्या नाहीत. काढताना तो सगळा काळा चोथा खाली बिछान्यावर पडला असता आणि ती घाण त्यांच्या छातीत गेली असती. माझ्या दोन्ही हातांना दुसऱ्या दिवशी फोड आले, कारण यंदाचा थर अजून पुरता वाळला नव्हता. खोबरेल लावून बसले आणि अंकलना मनातल्या मनात चार शब्द सुनावले. मग रुग्णवाहिका आली, अंकल घरी आले, मशीन सुरू झालं, पंखा सुरू झाला. टीचरांनी फोन करून फक्त ‘आले’ एवढंच सांगितलं.

काही दिवसांनी मी नवी लाइन नीट चाललीय ना ते बघायला गेले. ऊन उतरलं होतं, पण अंधार पडायला अवकाश होता. जाड भिंतींच्या कौलारू घरात मात्र आत त्याआधीच काळोख होतो. हॉलमधून मला चाचपडतच जावं लागलं. अंकल उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, अंगात धुतलेला सदरा, दाढी केलेली. माणूस निम्मा झाला होता, पण डोळे कारखान्यात असतानाचेच. ते एका दमात तीन-चार शब्द बोलायचे, मग श्वास घ्यायचे, मग पुढचे. मी त्यांचं बोलणं इथे सलग लिहिते आहे, ते तसं नव्हतं.

‘बस,’ त्यांनी स्टूल दाखवलं आणि मग नजर वर नेली. ‘ह्यो वायरी तोडलंस?’

‘होय अंकल.’

‘हॉलात उजेड कित्याक नाय?’

‘टीचर काय म्हणतत?’

‘लाईट गेली म्हणता. रोज तिन्हीसांजा झाल्यो काय लाईट गेली.’ ते थांबले, दोन श्वास घेतले. ‘लाईट गेली तर आधी ह्या मशीन बोंबालता. इस्पितळात बघलंय मी. ह्या काय बोंबलूक नाय. आनी माझो पंखो फिरता. ती माका खुळो समाजता?’

स्वयंपाकघराच्या दिशेने भांड्यांचा आवाज येत होता. अंकल माझ्या हातांकडे बघत होते. फोड सुकून साल निघाली होती. कारखान्यात हजार हातांवर त्यांनी ते फोड पाहिले असतील.

‘माझ्या तेलान?’ त्यांनी विचारलं.

‘होय,’ मी म्हटलं. ‘रबराक तेल सोसना नाय.’

त्यांनी डोळे मिटले. मशीन घरघरत राहिलं. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं एखाद्याचं मन लावून केलेलं काम वाईट होतं, हे त्याच्याच उशाशी बसून सांगायला मला कोणी नेमलं होतं? टीचरांचं ऐकायला हवं होतं, असंही वाटलं. पण शब्द निघून गेले होते.

‘लाकूड?’ डोळे न उघडताच ते म्हणाले.

‘लाकूड बरा आसा. सगळीकडे चढून बघलंय मी. एक पण वासो वाळवीन खावक नाय.’

‘मगे अर्धा काम बरा झाला,’ अंकल म्हणाले, आणि हसले. हसू खोकल्यात गेलं, खोकला बराच वेळ चालला. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

‘आयक. माझ्या उशाक उजेड, माका वारो. आनी ती थंय मोबाईलची बॅटरी लावन मासो चिरता. काल बोट कापल्यान. माका दाखयना नाय, पण चिंधी बांधल्यान ती माका दिसली.’ श्वास. ‘इस्पितळात मी भितूर नि ती भायर होती. हयसर काय वेगळा झाला? मी उजेडात नि ती काळोखात. ह्येच्यासाठी येवक नाय मी घराक.’

मी एक खोली सुरक्षित केली म्हणून माझ्यावरच खूश होते. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे काय चाललंय, याचा विचार मी पुढचं पुढे म्हणून ठेवून दिला होता.

‘रांधपाघरात एक दिवो लाव,’ ते म्हणाले. ‘आत्ताच लाव.’

त्या भिंतीपलीकडेच स्वयंपाकघर होतं. नव्या पाइपाचा तुकडा आणि वायरीची गुंडाळी माझ्या स्कूटरच्या डिकीत पडलेली होती. मशीनला धक्का लागणार नाही अशी दुसरी जागा निवडून मी आधी वेगळा स्विच काढला, मग बोर्डाच्या वरच्या बाजूने भिंतीला ड्रिल लावलं. धूळ उडू नये म्हणून भिंतीला ओलं फडकं धरलं. भिंत चिऱ्याची, पावणेदोन हात जाड. ड्रिल पलीकडे पोचेना, म्हणून उरलेलं पहार आणि हातोडीने. तो ठोकठोक आवाज ऐकून टीचर धावत आल्या. एका हाताच्या बोटाला खरंच चिंधी होती, दुसऱ्या हातात सुरी तशीच.

‘काय करतंस गो? त्यांका त्रास होतलो!’

‘तिका करूक दी,’ अंकल म्हणाले. ‘तू जा. मासो तसोच रवलो.’

टीचरांनी माझ्याकडे बघितलं. सांगितलंस ना, असं त्या नजरेत होतं. मी मान खाली घालून पाइप कापायला लागले. त्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत स्वयंपाकघरात गेल्या.

स्वयंपाकघरात मी ओट्याच्या वर, चुलीपासून लांब, होल्डर बसवला. टीचर एका बाजूला सरकून मला जागा देत होत्या. ताटात अर्धवट चिरलेला बांगडा होता, कोकमाचं आगळ वाटीत काढलेलं, मिठाच्या बरणीला टेकवलेला मोबाइल, त्याच्या उजेडात नुसती त्यांची बोटं दिसत होती. बाकी चेहरा अंधारात. हीच बाई नंतरच्या फोनवर मला सांगत होती, सगळं व्यवस्थित आहे, काही अडत नाही. मी बल्ब फिरवून बसवला, पुन्हा खोलीत गेले, जोड नीट आवळलाय ना ते बघितलं आणि अंकलना म्हटलं, ‘अंकल, बटण तुमी दाबतास?’

त्यांनी मानेने नको म्हटलं. ‘तू दाब. आनी दार उघडा ठेव.’

खोलीचं दार स्वयंपाकघराच्या बोळात उघडतं. मी दार पुरतं लोटलं आणि बटण दाबलं. बोळाच्या टोकाला पिवळा उजेड पडला आणि त्यात टीचर उभ्या दिसल्या, हातात ताट, केस कपाळावर आलेले, चिंधीवर रक्ताचा सुकलेला डाग. बिछान्यावरून त्या सरळ दिसत होत्या. अंकल मान जराशी वळवून बघत राहिले. दोन श्वास घेतले, तिसरा घेतला, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून त्यांना हाक मारली.

‘आता इलंय गो मी घराक!’

‘इलास?’ टीचरांनी तिथूनच विचारलं. मग त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि त्यांना रडू आवरेना.